घरांतील आवाज आणि चौकांतील आवाज

समाजाचा इतिहास लिहितांना राजे, लढाया आणि तहनामे यांची नोंद होते; लोकांनीं घरांत काय ऐकलें व कोणत्या यंत्रांतून ऐकलें याची नोंद सहसा होत नाहीं. वस्तुतः गेल्या सव्वाशें वर्षांत मराठी घराच्या राहणींत जे पालट झाले, त्यांत ऐकण्याच्या साधनांचा वांटा मोठा आहे. त्या साधनांपैकीं ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातें त्या ध्वनिवर्धकाचा, म्हणजे बाजारांत ज्याला अँप्लिफायर म्हणतात त्या पेटीचा, विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे. हा विचार केवळ कुतूहलाचा नाहीं. बेताच्या मिळकतीचा गृहस्थ घराकरितां अँप्लिफायर घ्यावयास निघाला म्हणजे दुकानदार त्याला पहिला आंकडा सांगतो तो वॉटचा, आणि ग्राहकहि पहिला प्रश्न विचारतो तो वॉटचाच. हें माप मुळांत घराचें नव्हे. तें चौकांतून घरांत आलें आहे, असें आमचें म्हणणें आहे. तें कसें आलें हें इतिहासावरून दिसतें, आणि घराचें खरें माप कोणतें हेंहि त्याच इतिहासावरून उमगतें.

उदाहरणादाखल आम्ही खानदेशांतील पहूर डोळ्यांपुढें ठेवतों. जामनेर तालुक्यांतील वाघूर नदीच्या परिसरांतलें हें गांव पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन नांवांनीं ओळखलें जातें. जळगांवाहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आणि पाचोऱ्याहून जामनेरकडे जाणारा मार्ग येथें एकमेकांस मिळतात. पाचोरा-जामनेरची अरुंद रुळांची आगगाडी शेंदुर्णीवरून येथें येत असे. ती आतां बंद झाली आहे. असें गांव शहर नव्हे आणि आडरानांतलें खेडेंहि नव्हे. मुंबईच्या बाजारांत निघालेली वस्तु येथें थोडी उशिरा, परंतु खात्रीनें पोंचते. आणि ती घेणाराचा पैसा बहुधा कापसाच्या हंगामाचा असल्यामुळें तो दोनदां खर्च करतां येत नाहीं. म्हणून निवडीचा प्रश्न येथें चैनीचा न राहतां व्यवहाराचा होतो.

यंत्रानें वाजणारा आवाज प्रथम आपल्याकडे आला तो विजेविना. १९०२ सालीं फ्रेड गायसबर्ग या ध्वनिमुद्रकानें कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें तबकडीवर घेतलें, तेव्हांपासून हिंदुस्थानांत तबकडीचें युग सुरू झालें. पुढें मराठी रंगभूमीवरील पदें आणि मैफलींतील राग तबकडीच्या मापांत, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांत, बसूं लागले. चावीच्या फोनोंत अँप्लिफायर नव्हताच. तबकडीच्या खांचेंतून फिरणारी सुई, तिच्या कंपनानें हलणारा पडदा आणि त्या पडद्याचा आवाज बाहेर नेणारा कर्णा, एवढाच सारा खटाटोप होता. आवाज लहान-मोठा करण्याचा उपाय म्हणजे सुई बदलणें: मृदु आवाजाची सुई निराळी, मोठ्या आवाजाची निराळी. ओसरीवर बसलेल्या पंधरा-वीस माणसांना हा आवाज पुरत असे. कारण ऐकणारीं माणसें गप्प बसत. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु आमच्या विवेचनांत ती महत्त्वाची आहे. आवाज पुरणें हें जसें यंत्रावर अवलंबून असतें, तसें तें भोंवतालच्या शांततेवरहि असतें.

विजेनें आवाज वाढविण्याची किमया त्याच सुमारास परदेशांत आकार घेत होती. १९०६ सालीं ली डी फॉरेस्ट यानें तीन अग्रांची निर्वात नळी, म्हणजे ज्याला आपल्याकडे व्हॉल्व्ह म्हणतात ती, तयार केली. पुढें टेलिफोनच्या लांब पल्ल्याच्या तारांवर क्षीण झालेला आवाज सावरण्यासाठीं तिचा उपयोग झाला. म्हणजे अँप्लिफायरचा जन्म गोंगाटासाठीं झालेला नसून दूरच्या माणसाचा मंद आवाज समजावा यासाठीं झालेला आहे. १९२५ सालीं राइस आणि केलॉग या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं आजच्या पद्धतीचा, कागदी शंकूचा स्पीकर सिद्ध केला. १९२७ सालच्या दोन घटना तर एकमेकींच्या अगदीं जवळच्या आहेत. २३ जुलै रोजीं व्हॉइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. आणि त्यानंतर दहाच दिवसांनीं, २ ऑगस्ट रोजीं, हॅरॉल्ड ब्लॅक या अभियंत्याला हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेंत एक युक्ति सुचली व ती त्यानें हातांतल्या वर्तमानपत्रावरच टिपून ठेवली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा कांहीं अंश उलटा करून पुन्हा आंत द्यावा, म्हणजे अँप्लिफायरनें आपल्या पदरचा घातलेला विकार कमी होतो, अशी ती युक्ति. आज हजार रुपयांची पेटी जो स्वच्छ आवाज देते, त्याच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे.

मुंबई केंद्र चालविणारी खाजगी कंपनी १९३० सालीं बुडाली व तें काम सरकारनें घेतलें. १९३६ सालीं त्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. मराठी मध्यम वर्गाच्या घरांत आलेला पहिला अँप्लिफायर म्हणजे हा रेडिओच होय. चार-पांच व्हॉल्व्हच्या या पेटींतून तीन-चार वॉट आवाज निघे. पुष्कळ रेडिओंच्या पाठीमागें फोनो जोडण्याची सोय असे, म्हणून तबकड्याहि त्याच पेटींतून वाजूं लागल्या. जेथें वीज नव्हती तेथें बॅटरीवरचा रेडिओ चाले, आणि त्याची शक्ति तर एका वॉटाहूनहि कमी असे. तरीहि बातम्या ऐकण्यास शेजारचीं चार घरें जमत. १९५६ सालीं पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें मुंबई राज्याच्या पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवांत शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें चालविलीं. गांवकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. या प्रयोगाचें परीक्षण पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानें केलें, व त्याची कीर्ति पुढें इतर देशांतहि गेली. एवढें सगळें काम एका साध्या रेडिओच्या आवाजावर झालें.

येथवर घराची वाट झाली. दुसरी वाट चौकाची. १९३६ च्या डिसेंबरांत आपल्या पूर्व खानदेशांत फैजपूर येथें पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन भरलें; खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. राजकारण जसजसें लोकांचें झालें, तसतसा सभेचा विस्तार मानवी कंठाच्या आवांक्याबाहेर गेला आणि ध्वनिक्षेपक ही राष्ट्रीय चळवळीची गरज बनली. मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओ या संस्थेनें ती मोठ्या प्रमाणावर भागविली. नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत त्यांच्यापुढील मायक्रोफोनवर हें नांव पुष्कळदां दिसतें. १९४० सालीं दिल्लींत स्थापन झालेल्या अहुजा या संस्थेच्या पेट्या पुढें गांवोगांवच्या मंडपवाल्यांकडे पोंचल्या. लग्न, कीर्तन, सप्ताह, तमाशा, निवडणूक, सर्वत्र झाडाला किंवा गच्चीवर बांधलेला भोंगा दिसूं लागला.

या भोंग्याचें एक यांत्रिक वैशिष्ट्य ध्यानांत घेतल्यावांचून पुढचा घोटाळा समजणार नाहीं. आवाजाची पातळी डेसिबल या एककांत मोजतात. चांगल्या भोंग्यास एक वॉट शक्ति दिली असतां एक मीटरवर १०५ ते ११० डेसिबल आवाज होतो. घरगुती स्पीकरला तेवढीच शक्ति दिल्यास ८५ ते ९० डेसिबल होतो. हा वीस डेसिबलचा फरक दिसण्यांत लहान, पण शक्तीच्या हिशेबानें शंभरपट आहे. भोंगा माणसाच्या बोलण्याची मधली पट्टी तेवढी मोठी करतो, खर्ज सोडून देतो, आणि त्या किंमतींत दूरवर पोंचतो. म्हणूनच तीस-चाळीस वॉटच्या पेटीवर अवघें गांव जागें होई. लोकांच्या मनावर ठसा उमटला तो मात्र वॉटच्या आंकड्याचा, भोंग्याच्या गुणाचा नव्हे. 'चाळीस वॉटमध्यें गांव, तर घराला निदान वीस तरी पाहिजेत,' असा हिशेब रूढ झाला.

हा हिशेब पक्का करण्यास पुढील काळ अनुकूल ठरला. १९४७ सालीं बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यानें, जो १९५४ सालीं स्थापन झाला, व्हॉल्व्ह आणि नंतर ट्रान्झिस्टर बनविले. परदेशी मालावर निर्बंध व जकात भारी असल्यामुळें श्रीमंतांखेरीज कोणाच्या घरीं विलायती अँप्लिफायर येणें शक्य नव्हतें. ही उणीव देशी जोडणीदारांनीं भरून काढली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली येथून सुटे भाग आणावे, लाकडी किंवा पत्र्याची पेटी करून घ्यावी, आणि तालुक्याच्या गांवीं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिरानें तीं जोडावीं, असा एक मोठा गृहोद्योगच उभा राहिला. कलकत्त्याची सोनोडाइन, पुण्याची नॉर्ज अशा संस्थांनीं शहरी रसिकांस बऱ्या किंमतींत चांगल्या पेट्या दिल्या हें खरें. परंतु खानदेशच्या बाजारगांवांत प्रामुख्यानें चालला तो जोडणीचा माल. १९८० नंतर स्वस्त कॅसेटी आल्या, तेव्हां टेपाला जोडलेला हा अँप्लिफायर घरांत, हॉटेलांत, रसवंतीवर, काळीपिवळी गाडींत, सर्वत्र वाजूं लागला. या कारागिरांचें ऋण आम्ही मानतों. परंतु त्यांतील पुष्कळांचा हात मंडपाच्या पेट्यांवर बसलेला असल्यामुळें घरच्या पेटीचेंहि गुणमापन 'किती वाजतो' यावरच होत राहिलें.

१९९१ नंतर बाजार खुला झाला आणि आंकड्यांना धरबंध उरला नाहीं. खोक्यांवर 'पी. एम. पी. ओ.' या नांवाखालीं शेंकडों, क्वचित् हजारों वॉट छापलेले दिसूं लागले. क्षणमात्र आणि काल्पनिक स्थितींत मिळणारी ही शक्ति. तिला कोणताहि मान्य दंडक नाहीं. अमेरिकेंत असल्याच फुगवट्याला आळा घालण्यासाठीं तेथील व्यापार आयोगास १९७४ सालीं नियम करावा लागला होता. म्हणजे हा रोग आपल्याच मातींतला आहे असें नाहीं. मात्र आपल्याकडे भोंग्यानें त्याला जमीन आधींच नांगरून ठेवली होती.

आतां घराचें माप पाहूं. वॉट दुप्पट केले असतां आवाज फक्त तीन डेसिबलनें वाढतो, आणि तो फरक कानास जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाला असें वाटण्यास सुमारें दसपट वॉट लागतात. ८७ डेसिबलच्या साध्या स्पीकरला एक वॉट दिला, तरी दहा बाय बाराच्या खोलींत बसलेल्या माणसास तो साध्या बोलण्याहून पुष्कळ मोठा ऐकूं येतो. गाण्यांतील तबल्याची थाप किंवा तार सप्तकांतली तान यांना क्षणभर दहा-वीसपट शक्ति लागते, तेवढी शिल्लक असली म्हणजे झालें. तात्पर्य, दर बाजूस पंधरा-वीस खऱ्या वॉटांची पेटी बहुतेक घरांना पुरून उरते. आणि शंभराऐवजीं दोनशें वॉट घेणारा गृहस्थ जवळजवळ दुप्पट पैसे देऊन तीन डेसिबल विकत घेतो.

खानदेशच्या घराचे स्वतःचे असे आणखी तीन प्रश्न आहेत, आणि ते कोणत्याहि माहितीपत्रकांत सांपडत नाहींत. पहिला उन्हाळ्याचा. मे महिन्यांत जेथें पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथें पंखा आणि कूलर यांची घरघर हीच खोलीची मूळ शांतता होऊन बसते. मंद स्वर तींत बुडतात, आणि माणूस आवाज वाढवीत जातो. त्याच उष्णतेनें जुन्या पद्धतीची पेटी तापते. म्हणून तिच्या पाठीचा ॲल्युमिनियमचा पंखेदार पत्रा पुरेसा मोठा आहे कीं नाहीं व तिच्या भोंवतीं हवा खेळते कीं नाहीं, हें पाहणें अगत्याचें. दुसरा प्रश्न घराच्या बांधणीचा. मातीच्या जाड भिंतींचें धाब्याचें घर आवाज शोषून घेत असे. सिमेंटची स्लॅब आणि गुळगुळीत फरशी तो परतवून लावते. अशा खोलींत शब्द शब्दावर आदळतात. तेथें अधिक वॉट घेतल्यास गोंधळ वाढतो. भिंतीस एक पडदा आणि जमिनीवर एक गोधडी घातल्यास तो कमी होतो, आणि त्यास खर्च जवळजवळ नाहीं. तिसरा प्रश्न विजेचा. शेतीपंप चालू झाले म्हणजे दाब उतरतो, बंद झाले म्हणजे चढतो. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रानें जें भारनियमन सोसलें, त्याची आठवण अजून ताजी आहे. येथें बॅटरीवर चालूं शकणारी किंवा चढउतार सोसणारी पेटी असणें हा मोठा गुण ठरतो.

या दृष्टीनें पाहतां आजचा काळ बेताच्या मिळकतीच्या माणसास पूर्वीपेक्षां अनुकूल आहे. शतकाच्या आरंभीं 'डी' वर्गाचे अँप्लिफायर स्वस्त झाले. यांत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहून तापत बसत नाहीं. तो एका सेकंदांत लाखों वेळां पूर्ण उघडतो व पूर्ण मिटतो. त्यामुळें घेतलेल्या शक्तीपैकीं सुमारें नव्वद टक्के स्पीकरकडे जाते, पेटी थंड राहते आणि लहान असते. २००५ च्या सुमारास ट्रायपाथ कंपनीच्या चिपवर बनलेल्या, चाळीस डॉलरांहून कमी किंमतीच्या एका अमेरिकन पेटीनें मोठमोठ्या जाणकारांना चकित केलें. आज टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३११६ या चिपची तयार पाटी हजार रुपयांच्या आसपास मिळते आणि ती २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर, किंवा पुष्कळ कमी शक्तीनें बारा व्होल्टच्या बॅटरीवरहि, चालते. मात्र येथेंहि आंकडा वाचतांना सावध असावें. तिच्यावर लिहिलेले पन्नास वॉट हे चार ओहमच्या स्पीकरवर, आणि आवाजांत दहा टक्के विकार सहन केला तरच आहेत. कान मान्य करील असे वॉट त्याहून पुष्कळ कमी. जुन्या 'एबी' वर्गाच्या जोडणीच्या पेटीचा मोठा गुण हा कीं, ती जळगांव-जामनेरकडील कारागीर दुरुस्त करूं शकतो. नव्या चिपची पाटी बिघडली कीं बहुधा टाकून द्यावी लागते.

निवडीचे नियम तेव्हां थोडकेच आहेत. पैशाचा मोठा वांटा आधीं स्पीकरला द्यावा, कारण आवाजाचा रंग अँप्लिफायरपेक्षां त्यावर अधिक ठरतो. पी. एम. पी. ओ. पाहूं नये, 'आर. एम. एस.' वॉट किती, किती ओहमवर आणि किती विकारासह, हें विचारावें. उत्तर न मिळाल्यास पेटीच्या पाठीवरची पट्टी किंवा अडॅप्टर वाचावा: २४ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे १२० वॉट, जी पेटी एवढेंच घेते ती सतत त्याहून अधिक देऊंच शकत नाहीं. स्पीकरचे ओहम पेटीनें सांगितलेल्या मर्यादेहून कमी नसावेत. मंडपाची जुनी पेटी स्वस्त मिळते म्हणून घरीं आणूं नये. ती एकाच बाजूची, भाषणासाठीं बांधलेली असते. आणि शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा: पेटीची परीक्षा मोठ्या आवाजांत न करतां अगदीं लहान आवाजांत करावी.

या शेवटच्या नियमाला शास्त्राचा आधार आहे. ज्या पेटींत दोन ट्रान्झिस्टर लाटेचा अर्धा-अर्धा भाग उचलतात, तेथें एकानें सोडून दुसऱ्यानें धरतांना सांध्यावर खरखर उत्पन्न होते. जोडणी नीट नसल्यास हा सांधा मोठ्या आवाजांत झांकला जातो, लहान आवाजांत उघडा पडतो. विजेची गुणगुणहि तशीच. दुकानाच्या गलबल्यांत हे दोष ऐकूंच येत नाहींत. रात्रीं घरीं ऐकूं येतात. म्हणून दुकानांत निदान कांहींच न वाजवितां, आवाजाची कळ अर्ध्यावर ठेवून स्पीकरला कान लावावा. पेटी गप्प राहिली तर ती बोलूंहि शकेल.

घरांत क्षीण आवाजाला एवढें महत्त्व कां, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर खानदेशच्या वाङ्मयांतच आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं शेतांत आणि घरांत तोंडीं उपजलीं, घरच्यांनीं टिपून ठेवलीं, आणि १९५१ सालीं त्या निवर्तल्यावर १९५२ सालीं पुस्तकरूपानें आलीं. त्यांचें काव्य आपल्या हातीं आहे, तें कोणीतरी जवळ बसून लक्ष देऊन ऐकलें म्हणून. आजहि कानबाईच्या रात्रीं म्हटलीं जाणारीं गाणीं, जात्यावरच्या ओव्या, अहिराणींतल्या आणि लेवा बोलींतल्या कहाण्या वृद्ध स्त्रियांच्या कंठांत आहेत. नातवंडें तीं खिशांतल्या फोनवर टिपूं शकतात, आणि कांहीं टिपतातहि. परंतु तें टिपण घरच्या पेटीवर लावलें असतां आजीचा थरथरता शब्द नीट कळला नाहीं, तर तें पुन्हा कोण लावील? चौकाच्या मापानें घेतलेली पेटी हा शब्द बुडविते. घराच्या मापानें घेतलेली तो उचलून धरते.

चौकाच्या आवाजाला सरकारनें मर्यादा घातली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही सीमा आहे, व रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. तिचें पालन कितपत होतें हें लग्नसराईंत कोणत्याहि बाजारगांवीं कळतें. घराच्या आवाजाची गोष्ट मात्र निराळी. तेथें मर्यादा गृहस्थानेंच घालावयाची असते. एका वॉटाहून कमी शक्तीच्या रेडिओभोंवतीं एके काळीं चार घरें जमत असत. त्या पेटीची शक्ति कमी होती, आणि म्हणूनच माणसें जवळ सरकून बसत. आज पहुराचा गृहस्थ हंगामाच्या पैशांतून दोन-तीन हजार रुपये घेऊन बाजारांत निघाला, तर त्याला तसा आवाज, पूर्वींपेक्षां कितीतरी स्वच्छ, सहज मिळण्याजोगा आहे. त्यानें फक्त पहिला प्रश्न वॉटचा विचारूं नये.